भंगारावरच्या उत्पादन शुल्काचा परतावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न फाउंड्री, मशीन शॉप, साखर कारखाने आणि रसायन कारखाने यांच्या अकाउंट्स खात्यातून पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांचा समज असा की भंगारावर शुल्क लागत नव्हतं एवढं सिद्ध केलं की पैसे हातात. प्रत्यक्षात हा मुद्दा जिंकूनही परतावा हुकतो. शुल्क भरताना निषेध नोंदवला होता का, ते बिलात कसं दाखवलं आणि खातेवहीत कुठे ठेवलं, यावर बरंच काही ठरतं. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांतल्या रकमा हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत.

१. एक्साइज २०१७ लाच गेलं. मग भंगाराच्या परताव्याचे वाद अजून कसे चालू आहेत?

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि काही पेट्रोलियम पदार्थ व तंबाखू सोडले तर केंद्रीय उत्पादन शुल्क संपलं. पण त्याआधीची देणी, हक्क आणि चालू खटले केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७४ ने जिवंत ठेवले. २०११ ची नोटीस, तिच्यावरचा आदेश, त्यावर अपील, मग ट्रिब्युनल (आयुक्तांच्या वरचं अपील न्यायाधिकरण), असा प्रवास करत आलेली प्रकरणं अजून निकाली निघत आहेत. निकाल करदात्याच्या बाजूने लागला की परताव्याचा अर्ज आजही होतो. मात्र कधीच वाद न घातलेलं २०१३ चं शुल्क आज आठवण झाली म्हणून मागता येत नाही. त्याचं कारण प्रश्न १० मध्ये.

२. कारखान्याच्या गेटमधून विकलेल्या प्रत्येक भंगारावर शुल्क लागायचंच ना?

नाही, आणि सगळा वाद इथूनच सुरू होतो. केंद्रीय उत्पादन शुल्क कायदा, १९४४ च्या कलम ३ खाली शुल्क लागतं ते उत्पादित मालावर. वस्तू विकली गेली, तिला भाव मिळाला, टॅरिफमध्ये (शुल्काच्या दरसूचीत) तिच्यासाठी शीर्षक आहे, एवढं पुरत नाही. ती कलम २(एफ) च्या अर्थाने उत्पादनातून आलेली असावी लागते.

यार्डात गेलात तर साधारण तीन ढीग दिसतील. पहिला टर्निंग-बोरिंग, पंचिंग, कटिंगचे तुकडे यांचा. हा धातूवर यांत्रिक काम होतानाच निघतो आणि ७२०४ किंवा ७६०२ सारख्या शीर्षकाखाली त्यावर शुल्क भरलं जायचं. इथे परताव्याला फारसा वाव नाही. दुसरा ढीग मोडीत काढलेल्या मशिनरीचा, जुन्या पाइपांचा, बेअरिंगांचा (प्रश्न ३ आणि ४). तिसरा भट्टीच्या किंवा प्रक्रियेच्या उरल्यासुरल्याचा: ड्रॉस आणि स्किमिंग (वितळलेल्या धातूवरचा मळ), बगॅस (उसाचा चोथा) (प्रश्न ५ आणि ६). खरे वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाचे. अडचण अशी की अनेक कारखान्यांनी तिन्ही ढिगांचं एकच बिल 'एमएस स्क्रॅप' म्हणून फाडलं. आता कोणता टन कुठल्या ढिगातला, हे वजनकाट्याच्या पावत्या आणि स्टोअरच्या नोंदी नसतील तर सांगता येत नाही.

३. मशिनरी दुरुस्तीत निघालेलं भंगार विकलं, त्यावर शुल्क भरलं. ते लागू होतं का?

सर्वोच्च न्यायालयाने ग्रासिम इंडस्ट्रीज प्रकरणात २०११ मध्ये याचं उत्तर दिलं: नाही. उत्पादन शुल्क विभागाचा आधार होता टॅरिफच्या सेक्शन १५ ची टीप ८(अ). मोडल्यामुळे, झिजल्यामुळे किंवा कापल्यामुळे निरुपयोगी झालेल्या धातूच्या वस्तू भंगारात मोडतात, असं ती टीप सांगते. न्यायालयाचं म्हणणं असं की टीप फक्त वर्गीकरण कुठे करायचं ते सांगते, तिच्यामुळे वस्तू 'उत्पादित' होत नाही. सिमेंट किंवा धागा बनवणाऱ्या कारखान्यात गिअरबॉक्स दुरुस्त करताना जुनं दातेरी चाक निघालं, तर ते कारखान्याच्या उत्पादनातून निघालेलं नसतं.

४. पण त्या मशीनवर आम्ही सेनव्हॅट क्रेडिट घेतलं होतं. तरीही ग्रासिमचा फायदा मिळेल?

इथेच लोक अडकतात. सेनव्हॅट क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेलं शुल्क आपल्या देण्यातून वजा करण्याची सोय. सेनव्हॅट क्रेडिट नियम, २००४ च्या नियम ३(५अ) नुसार, क्रेडिट घेतलेलं भांडवली यंत्र भंगार म्हणून बाहेर काढलं तर विक्रीमूल्यावर लागेल त्या शुल्काइतकी रक्कम भरावी लागायची. ही कलम ३ खालची आकारणी नाही, घेतलेल्या क्रेडिटच्या बदल्यातली रक्कम आहे. त्यामुळे ग्रासिम तिला लागू होत नाही.

यंत्र १ मार्च १९९४ पूर्वीचं असेल, म्हणजे भांडवली वस्तूंवर मॉडव्हॅट (सेनव्हॅटच्या आधीची तशीच योजना) सुरू होण्याआधीचं, तर क्रेडिटचा प्रश्नच येत नाही आणि ग्रासिम पूर्ण उपयोगी पडतो. त्यासाठी स्थिर मालमत्तेची नोंदवही काढा. खरेदीचं साल आणि ज्यातून क्रेडिट घेतलं नाही हे दिसेल ते रजिस्टर, ही दोन कागदं अर्जासोबत असली तर तपासणारा अधिकारी पुढे सरकतो. 'सर्व जुनी मशिनरी' अशा एका ओळीच्या प्रतिज्ञापत्रावर कोणी मंजुरी देत नाही.

५. अ‍ॅल्युमिनियम ड्रॉस, झिंक ड्रॉस, स्किमिंग यांचं काय?

धातू वितळवताना वर साचणारा मळ म्हणजे ड्रॉस. तो गोळा करून विकता येतो आणि त्यात धातूचा अंशही असतो, म्हणून विभागाचा डोळा कायम त्याच्यावर राहिला. सर्वोच्च न्यायालयाने इंडियन अ‍ॅल्युमिनियम (१९९५) आणि टाटा आयर्न अँड स्टील (२००४) या दोन्ही प्रकरणांत सांगितलं की हा उत्पादित माल नव्हे.

मग २००८ च्या वित्त कायद्याने कलम २(डी) ला स्पष्टीकरण जोडलं: मोबदला घेऊन विकता येण्याजोगी कोणतीही वस्तू 'माल' आणि विक्रीयोग्य समजली जाईल. त्याच्या आधारे केंद्रीय उत्पादन शुल्क मंडळाने २८ ऑक्टोबर २००९ ला परिपत्रक काढलं (९०४/२४/२००९) आणि ड्रॉस, स्किमिंग, बगॅस यांवर पुन्हा मागण्या निघाल्या. स्पष्टीकरणाने एकच कसोटी सोपी केली, ती विक्रीयोग्यतेची. वस्तू उत्पादनातून आली पाहिजे ही दुसरी कसोटी तशीच राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने हिंदाल्कोच्या प्रकरणात हेच धरलं, आणि २५ एप्रिल २०१६ च्या परिपत्रकाने (१०२७/१५/२०१६) २००९ चं परिपत्रक मागे घेतलं गेलं.

म्हणून मे २००८ ते २०१६ या काळात स्पष्टीकरणाच्या किंवा परिपत्रकाच्या धाकाने ड्रॉसवर शुल्क भरलेल्यांचा कायद्याचा मुद्दा भक्कम आहे. पैसे हातात येतील की नाही, हे मात्र प्रश्न १० आणि १४ ठरवतील.

६. आमचा साखर कारखाना आहे. बगॅसवर नियम ६(३) खाली भरलेली रक्कम परत मिळेल का?

नियम ६(३) म्हणजे सेनव्हॅट क्रेडिट नियमांतली तरतूद: करमुक्त माल बाहेर काढला तर त्याच्या किमतीच्या ठरावीक टक्के रक्कम भरायची. आता काळ बघा. सर्वोच्च न्यायालयाने डीएससीएल शुगर प्रकरणात २०१५ मध्ये ठरवलं की बगॅस हा उसाच्या गाळपात उरणारा टाकाऊ भाग आहे, उत्पादन नाही, त्यामुळे 'करमुक्त माल' म्हणून नियम ६ लावता येत नाही. त्या आधाराने जुन्या काळातली ५ टक्के किंवा नंतरची ६ टक्के रक्कम देय नव्हती.

पण १ मार्च २०१५ पासून नियम ६ ला स्पष्टीकरण जोडलं गेलं: मोबदला घेऊन कारखान्याबाहेर काढलेला उत्पादन शुल्काच्या कक्षेबाहेरचा मालही 'करमुक्त माल' धरायचा. वर उल्लेख केलेलं २०१६ चं परिपत्रक त्यावरच बोट ठेवतं, म्हणजे एका हाताने शुल्क सोडलं आणि दुसऱ्या हाताने क्रेडिट उलटवायला सांगितलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने बलरामपूर चिनी मिल्सच्या प्रकरणात बगॅसपुरती ही भूमिका नाकारली. महाराष्ट्रातल्या कारखान्याला तो निकाल बंधनकारक म्हणून नव्हे, पण वजनदार आधार म्हणून दाखवता येतो. मार्च २०१५ पूर्वीची आणि नंतरची रक्कम एकाच अर्जात कालवू नका. एका काळाची अडचण दुसऱ्याला खाली ओढते.

७. कच्च्या मालाचे रिकामे ड्रम, पोती, कॅन विकले. त्यावर शुल्क?

नाही. वेस्ट कोस्ट इंडस्ट्रियल गॅसेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हा मुद्दा संपवला. ऑडिटच्या आक्षेपावर ड्रमचं शुल्क भरून मोकळे झालेल्यांनी प्रश्न २० वाचावा.

८. माल जॉबवर्कला पाठवला होता, टर्निंग तिकडेच निघालं आणि जॉबवर्करने तिकडेच विकलं. शुल्क आमच्याकडून का घेतलं?

मॉडव्हॅटच्या जुन्या नियमांत जॉबवर्करकडचं भंगार परत आणण्याची किंवा त्यावर शुल्क भरण्याची सोय लिहिलेली होती. सेनव्हॅटच्या नियम ४(५)(अ) मध्ये माल १८० दिवसांत परत यावा एवढंच आहे, भंगाराचं नाव नाही. विभाग जुन्या सवयीने मागणी करत राहिला. रॉकेट इंजिनिअरिंगच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मुख्य उत्पादकावर ही जबाबदारी येत नाही असं मानलं. जॉबवर्क चलनावर 'पाठवलेलं वजन, परत आलेलं वजन, घट' असे तीन रकाने भरलेले असतील तर तुमचं काम सोपं. ते कोरे असतील तर विभाग फरकाला भंगार न म्हणता लपवलेला माल म्हणेल.

९. आमचं मुख्य उत्पादन करमुक्त होतं. भंगारावर तरी शुल्क कसं?

अधिसूचना ८९/९५ (१८ मे १९९५) नुसार करमुक्त माल बनवताना निघालेलं भंगार करमुक्त होतं. मात्र त्याच कारखान्यात एखादा शुल्कपात्र मालही बनत असेल तर ही सवलत मिळत नाही. लोक परंतुकापर्यंत वाचत नाहीत. गेटच्या आत दुसरं कुठलंही शुल्कपात्र उत्पादन नव्हतं, हे ईआर-१ या मासिक विवरणपत्रांवरून दाखवावं लागेल.

१०. अर्ज किती दिवसांत करायचा असतो?

उत्पादन शुल्क कायद्याच्या कलम ११ब नुसार 'संबंधित तारखे'पासून १ वर्षात. १२ मे २००० पूर्वी ही मुदत ६ महिन्यांची होती. संबंधित तारीख साधारणपणे शुल्क भरल्याची. करनिर्धारण तात्पुरतं असेल तर अंतिम निर्धारणानंतर शुल्काचा मेळ घातल्याची तारीख. अपिलातल्या निकालामुळे परतावा देय झाला असेल तर त्या निकालाची तारीख. ही शेवटची सोय भंगाराच्या प्रकरणांत सर्वांत जास्त उपयोगी पडते आणि सर्वांत जास्त विसरलीही जाते. ट्रिब्युनलचा आदेश हातात आला की वकिलाला पेढे देण्याआधी कॅलेंडरवर वर्षभरापुढची तारीख लिहा.

११. 'अंडर प्रोटेस्ट' भरलं असेल तर मुदत नाही, हे खरं का?

खरं. निषेध नोंदवून भरलेल्या शुल्काला १ वर्षाची मर्यादा लागत नाही, असं कलम ११ब मध्येच लिहिलं आहे. जुन्या नियमांत निषेध कसा नोंदवायचा याची पद्धत नियम २३३ब मध्ये होती. तिच्यातली प्रत्येक पायरी पाळली नाही तरी निषेधाचं साधं पत्र पुरतं, हे इंडिया सिमेंट्स (१९८९) प्रकरणापासून मान्य आहे. अपील चालू असताना भरलेलं शुल्कही निषेधाखाली भरलं असं धरलं जातं.

पत्र मात्र कशाबद्दल आहे ते स्पष्ट असावं. 'आम्ही सर्व शुल्क निषेधासह भरतो' असं एक पत्र २००९ मध्ये देऊन २०१६ पर्यंतच्या प्रत्येक ढिगाला ते लावायला गेलात तर अडचण येईल. 'ड्रॉस, शीर्षक २६२०, अमुक तारखेपासून' असं लिहिलेलं, पोच शिक्का असलेलं पत्र आणि दर महिन्याच्या ईआर-१ वर त्याचा उल्लेख, हे टिकतं. विभागाच्या शिक्क्याची मूळ प्रत जपून ठेवा. झेरॉक्सवर शिक्का पुसट असला की तो वाद वेगळाच सुरू होतो.

१२. दुसऱ्या कंपनीने सर्वोच्च न्यायालयात केस जिंकली. त्या निकालावर आम्हालाही परतावा मिळेल?

दुसऱ्याच्या निकालाने तुमचा कायद्याचा मुद्दा बळकट होतो, पण तुमची मुदत नव्याने सुरू होत नाही. मफतलाल इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर १९९६ मध्ये हे नेमकं सांगितलं: स्वतः वाद न घालता शुल्क भरणाऱ्याने, दुसऱ्याच्या खटल्यात कायदा वेगळा ठरला म्हणून जुनं शुल्क मागायला यायचं नाही. ग्रासिमचा निकाल आल्यावर अनेकांनी मागच्या ५-६ वर्षांचे अर्ज टाकले. त्यातले निषेध नसलेले अर्ज मुदतीवरच गेले.

१३. पण शुल्क लागूच नव्हतं, तर सरकारने ते ठेवूनच कसं घेतलं? मुदत कशी लागेल?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ चा आधार घेऊन हा मुद्दा नेहमी मांडला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने परिजात कन्स्ट्रक्शनच्या सेवा कराच्या प्रकरणात, मुळातच देय नसलेल्या रकमेला कलम ११ब ची मुदत लावू नये असं म्हटलं आहे. पण मफतलालचा निकाल उत्पादन शुल्कातले परतावे कलम ११ब च्या चौकटीतच बांधतो, आणि सहायक आयुक्त किंवा ट्रिब्युनल ही कायद्याने घडवलेली पदं असल्याने ती चौकट ओलांडत नाहीत. माझं मत: हा मुद्दा अर्जात पर्यायी म्हणून घाला, पण मुदत चुकल्यावर एवढ्यावरच भिस्त ठेवून खर्च करत बसू नका.

१४. 'अनजस्ट एनरिचमेंट' म्हणजे काय? सगळे परतावे तिथेच का अडतात?

शुल्क तुम्ही ग्राहकाकडून वसूल केलं असेल आणि सरकारकडूनही परत घेतलंत, तर एकच रक्कम दोनदा तुमच्या खिशात येते. कायदा ते होऊ देत नाही. कलम १२ब तर उलट गृहीतच धरतं की शुल्काचं ओझं खरेदीदाराकडे गेलं. गेलं नाही हे सिद्ध करणं तुमच्याकडे.

भंगारात हे फार जड जातं. २०१५ साली तुम्ही १ लाख रुपयांचा माल फर्नेसवाल्याला विकला. बिलावर १२.५ टक्क्यांनी १२,५०० रुपये शुल्क वेगळं दाखवलं, त्याच्याकडून १,१२,५०० घेतले आणि १२,५०० सरकारात भरले. त्याने त्याच बिलावर १२,५०० चं सेनव्हॅट घेऊन आपलं शुल्क भागवलं. उद्या तुम्ही सिद्ध केलंत की त्या मालावर शुल्क नव्हतंच, तरी तुमच्या खिशातून एक रुपयाही गेलेला नाही. परतावा मंजूर होतो आणि कलम १२क खालच्या ग्राहक कल्याण निधीत जमा होतो. लिलावाच्या अटींत 'ईडी एक्स्ट्रा' (उत्पादन शुल्क वेगळं) छापलेलं असलं की संपलंच.

परतावा खरोखर हातात येतो तो वेगळ्या ठिकाणी. भंगार शुल्क न लावता विकलं आणि ऑडिटनंतर स्वतःच्या पैशातून भरलं. नियम ६(३) ची रक्कम क्रेडिटमधून वजा केली आणि बिलात दाखवली नाही. अपिलासाठी आगाऊ रक्कम भरली. या तीन जागा आधी तपासा. नेहमीच्या विक्रीवर वेगळं शुल्क लावलेल्या बिलांच्या मागे लागून फाइल जाड करण्यात अर्थ नाही.

१५. सीए सर्टिफिकेट जोडलं की ओझं आमच्यावरच होतं हे सिद्ध होतं ना?

एकट्या सर्टिफिकेटने होत नाही. त्यामागचे हिशेब लागतात. अधिकारी पहिल्यांदा ताळेबंद उघडतो: वादातली रक्कम 'येणे' म्हणून दाखवली आहे की नफातोटा पत्रकात खर्च टाकली आहे? खर्च टाकली असेल तर ती मालाच्या किमतीत गेली असं विभाग म्हणतो, आणि बऱ्याचदा ट्रिब्युनलही मान्य करतं. लेजरमध्ये 'एक्साइज ड्यूटी रिसिव्हेबल, ड्रॉस' असं स्वतंत्र खातं पहिल्या दिवसापासून असलेला अर्जदार अर्धी लढाई तिथेच जिंकतो. नंतरच्या वर्षात जर्नल एंट्रीने खर्चाचं 'येणे' केलेलं मात्र लगेच डोळ्यांत भरतं.

शुल्क लागण्याआधी आणि नंतर विक्रीदर तोच होता, हा युक्तिवादही एकटा पुरत नाही. अलाइड फोटोग्राफिक्स प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दर सारखा राहिला म्हणजे ओझं पुढे गेलंच नाही असं नाही.

१६. खरेदीदाराला क्रेडिट नोट देऊन शुल्क परत केलं तर?

माल गेल्यानंतर दिलेल्या क्रेडिट नोटने सहसा काम भागत नाही. अ‍ॅडिसन अँड कंपनी प्रकरणात २०१६ मध्ये न्यायालयाने शेवटच्या ग्राहकापर्यंत बघायला सांगितलं. तुमच्या खरेदीदाराला पैसे मिळाले, पण त्याने ते ओझं आधीच पुढे ढकललं असेल तर परतावा नाही. फर्नेसवाल्याने क्रेडिट घेतलेलं असेल तर त्याने ते उलटवल्याचा पुरावा नसताना क्रेडिट नोट तर कागदच राहते.

१७. मागणीच्या वेळी 'किंमत शुल्कासह धरा' असं मागितलं होतं. त्याचा परताव्यावर परिणाम होतो का?

होऊ शकतो, आणि कुणी आधी सांगत नाही. शुल्क न लावता विकलेल्या मालावर मागणी आली की वकील मारुती उद्योग (२००२) निकालाच्या आधारे विक्रीकिंमत शुल्कासह धरायला सांगतात. १ लाखाच्या विक्रीवर १२,५०० ऐवजी ११,१११ रुपये निघतात. १,३८९ रुपये वाचले. पण पुढे मूळ मुद्दा जिंकून परतावा मागायला गेलात की विभाग तुमचाच कागद पुढे करतो: तुम्हीच म्हणालात की किमतीत शुल्क होतं, म्हणजे ग्राहकाने ते दिलं.

त्यावर उत्तर असं की किंमत शुल्कासह धरणं ही मूल्यनिर्धारणाची कायदेशीर पद्धत आहे, प्रत्यक्ष वसुलीची कबुली नाही. ही मागणी नेहमी पर्यायी शब्दांत करा: 'शुल्क देय नाहीच. देय ठरल्यास, हक्काला बाधा न आणता…' एवढं वाक्य जुन्या उत्तरात आहे का ते आजच बघा.

१८. उत्पादक मागत नाही. खरेदीदार म्हणून आम्ही परतावा मागू शकतो?

ओझं तुमच्यावर राहिलं असेल आणि त्यावर क्रेडिट घेतलं नसेल तर हो. मुदत खरेदीच्या तारखेपासून १ वर्ष. उत्पादकाने नोंदवलेला निषेध तुमच्या कामी येत नाही. अलाइड फोटोग्राफिक्समध्ये हेही ठरलं आहे.

१९. करनिर्धारणाला आव्हान दिलं नाही म्हणून अर्ज फेटाळला. बरोबर आहे का?

अपीलयोग्य आदेश झाला होता आणि तुम्ही अपील केलं नाही, तर फ्लॉक (इंडिया) (२०००) नुसार परताव्याच्या दाराने त्या आदेशाला आव्हान देता येत नाही. कस्टम्समध्ये प्रिया ब्लू (२००४) ने तेच सांगितलं आणि आयटीसी (२०१९) ने ते स्वयंनिर्धारणालाही लावलं. विभाग आयटीसीचा निकाल उत्पादन शुल्काच्या अर्जांवरही टाकतो. तो कस्टम्स कायद्याच्या तरतुदींवर आहे आणि ईआर-१ विवरणपत्राला अपील करण्याची व्यवस्था निराळी आहे, हे उत्तरात ठामपणे मांडा. आदेशच झालेला असेल तर मात्र या युक्तिवादाचा उपयोग नाही.

२०. ऑडिटवाल्यांनी सांगितलं म्हणून भरलं. अपिलाच्या वेळीही रक्कम भरली. दोन्ही सारखंच ना?

अजिबात नाही. नोटीस येण्याआधी व्याजासह भरून विषय मिटवला असेल, तर तुम्ही देणं मान्य केलं असंच कागद बोलतो. त्या वेळी निषेधाचं पत्र दिलं नसेल तर १ वर्षाच्या आतच हालचाल करायला हवी होती.

अपिलासाठीची आगाऊ रक्कम वेगळी. ६ ऑगस्ट २०१४ पासून कलम ३५एफ नुसार पहिल्या अपिलाला ७.५ टक्के, आयुक्त (अपील) यांच्या आदेशाविरुद्ध ट्रिब्युनलला १० टक्के. ही रक्कम शुल्क म्हणून भरलेली नसते. मंडळाच्या १६ सप्टेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार (९८४/०८/२०१४) जिंकल्यावर साधं पत्र द्यायचं आणि १५ दिवसांत व्याजासह परत मिळायला हवी. तिथे अनजस्ट एनरिचमेंट आड येत नाही. या रकमेचा अर्ज मूळ शुल्काच्या फॉर्म-आर मध्ये (परताव्याच्या अर्जात) कोंबू नका. एक अडला की दोन्ही अडतात.

२१. तेव्हा क्रेडिटमधून भरलं होतं. आता सेनव्हॅटच नाही, मग परतावा कशात?

रोखीत. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १४२(३) तेच सांगतं. नोंदवहीत परत क्रेडिट द्या असं कोणी लिहून दिलं तर आदेश दुरुस्त करून घ्या. दोन अपवाद: सेनव्हॅट क्रेडिटचा दावा फेटाळला गेला तर ती रक्कम लयाला जाते, आणि जी शिल्लक ट्रान-१ या फॉर्मने जीएसटीत नेली तिचा परतावा नाही. प्रश्न १४ ची कसोटी रोखीलाही लागते, कारण कलम ११ब(२) शाबूत ठेवलं आहे.

२२. व्याज कधीपासून?

अर्ज पोचल्यापासून ३ महिने संपल्यावर, कलम ११बब खाली, वर्षाला ६ टक्के. मंजुरीच्या आदेशापासून नव्हे. रॅनबॅक्सी (२०११) निकाल वाचून दाखवला की वाद संपतो.

२३. अर्ज फेटाळला. पुढे काय?

आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील). ते आणखी ३० दिवसांचा उशीर माफ करू शकतात, त्यापुढे नाही. सिंग एंटरप्रायझेस (२००८) नंतर त्याला फट उरलेली नाही. पुढचं अपील ट्रिब्युनलला ३ महिन्यांत. परतावा नाकारल्याच्या आदेशावर आगाऊ रक्कम भरायची नसते. काउंटरवर मागितली तर कलम ३५एफ चा मजकूर दाखवा: ते मागणी आणि दंडासाठी आहे.

२४. परतावा बँकेत आला, दीड वर्षाने 'चुकून दिला' म्हणून नोटीस आली. असं करता येतं?

येतं. कलम ११अ खाली चुकीचा परतावा वसूल करता येतो, सामान्य मुदत २ वर्षांची (२०१६ पूर्वी १ वर्ष), फसवणुकीचा आरोप असेल तर ५ वर्षांची. मंजुरीच्या आदेशाविरुद्ध विभागाने अपील केलं नसताना नुसती नोटीस चालते का, यावर दोन्ही बाजूंनी निकाल आहेत. तुमच्या उत्तरात पहिला मुद्दा मुदतीचा, दुसरा हा.

२५. 'सबका विश्वास' योजनेत २०१९ ला प्रकरण मिटवलं. आता ग्रासिम दाखवून पैसे परत मागू?

नाही. जुने वाद मिटवण्याच्या या योजनेखाली भरलेली रक्कम परत मिळत नाही. चुकीच्या परताव्याच्या नोटिशींना तर योजनेत जागाच नव्हती, त्यामुळे प्रश्न २४ मधले खटले तेव्हाही उघडेच राहिले.

२६. जीएसटीत भंगारावर हाच वाद घालता येईल का?

नाही. जीएसटी पुरवठ्यावर आहे, उत्पादनावर नाही. मोडकं दातेरी चाक विकलं तरी पुरवठा झाला. ग्रासिम, ड्रॉस, बगॅसचे निकाल तिथे कर टाळायला कामाचे नाहीत. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराला उलट आकारणीने (विक्रेत्याऐवजी स्वतः) कर भरावा लागतो. जुन्या एक्साइजच्या फाइलमधले निकाल नव्या नोटिशीला उत्तर म्हणून जोडू नका.